खानापूर २०१८ : एक आमदारकी, दोन उमेदवार आणि नसलेला बी फॉर्म

१५ मे २०१८ रोजी कर्नाटक विधानसभेची मतमोजणी झाली आणि खानापूरचे विद्यमान आमदार अरविंद पाटील पडले. निवडून आल्या काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर, मते साडेछत्तीस हजारांच्या वर. दुसऱ्या क्रमांकावर भाजपचे विठ्ठल हलगेकर, साडेएकतीस हजार. फरक पाच हजारांचा. आता तिसरा आकडा पाहू. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नावाने उभे राहिलेल्या दोघांपैकी अरविंद पाटील यांना साडेसव्वीस हजार मते पडली आणि विलास बेळगावकर यांना सुमारे अठरा हजार. दोघांची बेरीज ४४ हजारांपुढे जाते, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा सात-आठ हजार जास्त.

ही बेरीज सीमाभागात तोंडपाठ आहे. तिच्यावरून निघणारा निष्कर्षही तयार असतो : बेकीने घात केला. तो खरा आहे, पण अपुरा. मतभेद काँग्रेसमध्ये आहेत, भाजपमध्येही आहेत. तिकीट नाकारलेला माणूस तिथेही बंड करतो, तरी त्या पक्षांचे दोन-दोन अधिकृत उमेदवार एका मतदारसंघात उभे राहत नाहीत. समितीचे राहिले. ते का राहिले आणि एका आमदाराच्या कारकिर्दीवर व एका तालुक्याच्या राजकारणावर त्याचा काय परिणाम झाला, ते या प्रकरणात सविस्तर मांडले आहे.

मतदारसंघ

बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत. त्यांपैकी खानापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, गोव्याच्या हद्दीला लागून. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. जांबोटी, लोंढा, भीमगड अभयारण्य हा पश्चिम भाग डोंगराळ, विरळ वस्तीचा आणि बहुतांशी मराठी. पूर्वेकडे बिडी, इटगी, पारिशवाड, कक्केरी या पट्ट्यात कन्नड मतदार मोठ्या संख्येने, शिवाय मुस्लिम मतदारही लक्षणीय. दोनशेहून जास्त गावे आणि वाड्या, मतदार दोन लाखांच्या घरात. लोकसभेला हा मतदारसंघ बेळगावला नाही, उत्तर कन्नडला जोडलेला आहे. त्यामुळे खासदाराचे कार्यालय घाटापलीकडे आणि आमदाराचे महत्त्व इथे इतर तालुक्यांपेक्षा जास्त.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथली निवडणूक म्हणजे महाराष्ट्रात जाण्याच्या इच्छेचे सार्वमत, अशी समितीची भूमिका राहिली. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर कर्नाटकात ठेवले, पण खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि प्रश्न दिल्लीत गेला. इथेच समितीच्या आमदाराच्या कामाचे स्वरूप बदलले. सीमाप्रश्नाचा निकाल ना बंगळूरच्या विधानसौधात लागणार होता, ना बेळगावच्या सुवर्णसौधात. मग आमदार कशासाठी, हा प्रश्न तरुण मतदार विचारू लागला आणि त्याचे उत्तर प्रत्येक निवडणुकीत नव्याने द्यावे लागले.

२००४ मध्ये समितीचे दिगंबर पाटील इथून आमदार झाले. २००८ मध्ये, मतदारसंघांच्या फेररचनेनंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, भाजपचे प्रल्हाद रेमाणी जिंकले आणि त्या विधानसभेत समितीचा एकही आमदार राहिला नाही. ५ मे २०१३ च्या मतदानात समितीने दोन जागा परत मिळवल्या : बेळगाव दक्षिणमध्ये संभाजी पाटील, खानापुरात अरविंद पाटील.

पाच वर्षांची आमदारकी

निवडणूक आयोगाच्या नोंदीत अरविंद पाटील अपक्ष आमदार होते. समितीला आयोगाची मान्यता नाही, त्यामुळे तिचा प्रत्येक आमदार कागदोपत्री अपक्षच असतो. याचे परिणाम रोजच्या कामात दिसतात. अपक्षाला व्हिप लागू होत नाही. तो सभागृहात कसाही मतदान करू शकतो आणि समितीला त्याला कायद्याने बांधता येत नाही. उलट राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार मुदत संपण्यापूर्वी कोणत्याही पक्षात गेला तर त्याचे सदस्यत्व जाते. म्हणजे पाच वर्षे तो सत्तेतल्या पक्षात जाऊ शकत नाही आणि ज्या संघटनेने निवडून दिले तिचाही कायद्याच्या नजरेत नसतो. त्याच्यावर दाब असतो तो फक्त गावोगावच्या कार्यकर्त्यांचा.

कामांचे गणित त्याहून कठीण. कर्नाटकात आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला २ कोटी, म्हणजे मुदतीत १० कोटी. दोनशे गावांना तो सारखा वाटला तर एका गावाच्या वाट्याला पाच वर्षांत ५ लाख येतात. तेवढ्यात एक गटार होते किंवा देवळासमोर पेव्हर ब्लॉक बसतात. तालुक्याला खरी गरज रस्त्यांची आणि साकवांची असते. तो पैसा सार्वजनिक बांधकाम, ग्रामविकास, पाटबंधारे या खात्यांतून येतो आणि त्यासाठी मंत्र्याची सही लागते. २०१३ ते २०१८ सत्ता काँग्रेसची होती. अपक्ष आमदाराला त्या सहीसाठी रांगेत उभे राहावे लागते. आमगाव, गवाळी, तळेवाडीसारख्या अभयारण्यातल्या गावांत तर निधी मिळाला तरी वनखात्याची परवानगी अडते. गावकऱ्याला ही साखळी दिसत नाही. त्याला पावसाळ्यात बंद झालेली वाट दिसते आणि आमदाराचे नाव आठवते.

त्यात भाषेचा प्रश्न. उतारे, नोटिसा, पंचायतीची पत्रे कन्नडमधून येतात. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांवर असेल तिथे परिपत्रके त्यांच्या भाषेत द्यावीत, असे संरक्षण कागदावर आहे. ते अमलात यावे म्हणून प्रत्येक बैठकीत मागणी करणे हे समितीच्या आमदाराचे काम समजले जाते, आणि ते योग्यच आहे. पण पत्र मराठीतून आले म्हणून कोणी मत देत नाही. ते आले नाही म्हणून राग मात्र धरला जातो.

दोन गट, दोन उमेदवार

समितीची उमेदवार ठरवण्याची रीत जुनी आहे. तालुक्याची घटक समिती इच्छुकांचे अर्ज मागवते, गावोगावच्या प्रतिनिधींची बैठक होते, निवड समिती नाव सुचवते आणि मध्यवर्ती समितीचे पाठिंब्याचे पत्रक वर्तमानपत्रांत छापून येते. ते पत्रक म्हणजेच ‘अधिकृत’पणाचा दाखला. सगळ्यांना एकच घटक समिती मान्य असते तोवर ही रीत उत्तम चालते. २०१८ पूर्वी तालुक्यात समिती दोन गटांत विभागली गेली होती. प्रत्येक गटाचे पदाधिकारी वेगळे, बैठका वेगळ्या, पत्रके वेगळी. बेळगाव शहरातही हीच फूट होती आणि दक्षिण मतदारसंघातही समितीच्या नावावर दोघे उभे राहिले.

त्या निवडणुकीचे वेळापत्रक असे होते : १७ एप्रिलला अधिसूचना, २४ एप्रिलपर्यंत अर्ज, २५ ला छाननी, २७ एप्रिलला दुपारी ३ पर्यंत माघार, १२ मे रोजी मतदान. या दहा दिवसांत राष्ट्रीय पक्षात जे घडते ते पाहिले म्हणजे समितीत काय कमी होते ते कळते. पक्षाच्या उमेदवाराला ए आणि बी असे दोन फॉर्म लागतात. ए फॉर्ममध्ये पक्ष कळवतो की उमेदवारी जाहीर करण्याचा अधिकार कोणाच्या सहीला आहे. बी फॉर्ममध्ये त्या सहीने उमेदवाराचे नाव येते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत ज्याचा बी फॉर्म निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर, तो उमेदवार. बाकीच्यांना पक्षाचे चिन्ह मिळत नाही, वाद तिथेच मिटतो. मिटतो म्हणजे मने जुळतात असे नाही. पण मतदारापुढे प्रश्न उरत नाही.

समितीकडे हा कागद नाही. दोन्ही अर्ज अपक्ष म्हणून दाखल झाले, दोन्ही नियमाप्रमाणे बरोबर होते, दोन्ही छाननीत टिकले. उरली एकच वाट : कोणीतरी स्वतःहून माघार घेणे. माघारीचा अर्ज फॉर्म ५ वर, लेखी, उमेदवाराच्या सहीचा. तो स्वतः द्यावा लागतो किंवा लेखी अधिकारपत्र दिलेल्या सूचकाने (अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवणाऱ्या मतदाराने) अथवा निवडणूक प्रतिनिधीने. एकदा दिला की परत घेता येत नाही. विद्यमान आमदाराने माघार घ्यावी तर पाच वर्षांच्या कामावर पाणी. दुसऱ्याने घ्यावी तर त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या गटाचे अस्तित्व संपते. २७ एप्रिलचे ३ वाजून गेले आणि दोघेही रिंगणात राहिले.

अपक्षाच्या वाटेतले अडथळे

यानंतरचा भाग तांत्रिक वाटतो, पण निकाल इथेच घडला. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात आणि त्यांपैकी एकाचा यादी क्रमांक चुकला तरी छाननीत धावपळ होते. मतदारयादी मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना फुकट मिळते, अपक्षाला विकत घ्यावी लागते. मतदानयंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर असतात, अपक्ष तळाकडे. २०१८ च्या निवडणुकीत खर्चाची मर्यादा सर्वांना सारखी, २८ लाख. पण पक्षाच्या तारांकित प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही, अपक्षाला ही सवलतच नाही. महाराष्ट्रातून एखादा नेता सभेला आला तर मंडप, गाड्या, ध्वनिक्षेपक, सगळे उमेदवाराच्या नावावर चढते.

सर्वांत मोठा अडथळा चिन्हाचा. हात आणि कमळ वर्षभर भिंतींवर असतात. अपक्षाला चिन्ह मिळते माघारीची मुदत संपल्यावर. तो अर्जात पसंतीची तीन चिन्हे लिहितो, एकाच चिन्हावर दोघांचा दावा आला तर चिठ्ठी निघते. २७ एप्रिलच्या दुपारी चिन्ह हाती आले. मतदानाआधी ४८ तास जाहीर प्रचार बंद, म्हणजे १० मेच्या संध्याकाळी सगळे थांबले. मधे उरले तेरा दिवस. तेवढ्यात पत्रके छापायची, कणकुंबीपासून गंदीगवाडपर्यंत पोहोचवायची आणि चष्म्याशिवाय यंत्र न दिसणाऱ्या म्हाताऱ्यांना चित्र पाठ करून द्यायचे. एरवी समितीने हे अनेकदा करून दाखवले आहे. तेरा दिवसांत अनोळखी चिन्ह घराघरांत नेण्याचे कसब इथल्या कार्यकर्त्यांइतके फार थोड्यांकडे असेल. २०१८ मध्ये मात्र एकाच गल्लीत, एकाच भगव्या झेंड्याखाली, दोन वेगळी चिन्हे फिरत होती. ‘समितीचं चिन्ह कुठलं?’ या साध्या प्रश्नाला गावात दोन उत्तरे मिळत होती.

मतदान केंद्रांवरही तेच. दोनशेहून जास्त केंद्रे, प्रत्येकावर आत एक प्रतिनिधी, त्याला सोडवायला बदली माणूस आणि बाहेर चिठ्ठ्या देणारे चार-पाच जण. हे सगळे त्याच युवक मंडळांतून येतात. मंडळ दुभंगले की काही केंद्रांवर दोघांपैकी एकाही उमेदवाराचा माणूस नसतो आणि काही ठिकाणी दोन भाऊ दोन टेबलांवर समोरासमोर बसतात. अशा वेळी कुंपणावरचा मतदार दोघांनाही टाळतो. म्हणून ४४ हजारांची बेरीज ही समितीची पूर्ण ताकद नव्हती, असे आम्हाला वाटते. एकच उमेदवार असता तर आकडा त्याहूनही पुढे गेला असता.

दुसऱ्या बाजूचेही श्रेय द्यायला हवे. निंबाळकर २०१३ मध्येही लढल्या आणि पडल्या होत्या. मधली पाच वर्षे त्यांनी तालुका सोडला नाही. हलगेकरांचे तोपिनकट्टी परिसरात सहकार आणि शिक्षणसंस्थांचे जाळे होते. पूर्व भागातली मते निधर्मी जनता दलाच्या नासीर बागवान यांनी मोठ्या प्रमाणात घेतली. चार-पाच तगडे उमेदवार असताना २५ टक्क्यांच्या आसपास मतांवर जागा निघते, आणि ती निघाली.

पराभवानंतर

आमदारकी गेलेल्या नेत्याचे तालुक्यात काय उरते? बहुतेकांचे काही उरत नाही. अरविंद पाटील यांचे उरले, कारण त्यांचा पाय जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत होता. या बँकेच्या निवडणुकीत सामान्य सभासद मत देत नाही. तालुक्यातली प्रत्येक कृषी पत्तीन संस्था (शेतकऱ्यांची कर्ज देणारी सोसायटी) ठराव करून एक प्रतिनिधी पाठवते आणि तेच मतदार असतात. संपूर्ण तालुक्यात मतदार पन्नासच्या आसपास. प्रत्येकाचे नाव, गाव, पीककर्जाची अडचण, कोणाशी बोललेले चालते, हे सगळे लक्षात ठेवता येते. नोव्हेंबर २०२० मध्ये या जागेसाठी सामना झाला तो पाटील विरुद्ध विद्यमान आमदार निंबाळकर असाच, आणि तो पाटील यांनी थोड्या मतांनी जिंकला. विधानसभेत हरलेला नेता पीककर्जाच्या वाटेने तालुक्यात टिकून राहतो, त्याचे हे चांगले उदाहरण आहे. बिनव्याजी कर्ज सोसायटीतून मिळते, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेतून येतो आणि संचालकाचा शब्द तिथे चालतो.

सहकारातली ही लढाई त्यांना भाजपच्या जवळ घेऊन गेली आणि पुढे ते त्या पक्षात दाखल झाले. आमदार नसल्याने दहाव्या परिशिष्टाची अडचण नव्हती. समितीच्या निष्ठावंतांना हा घाव होता आणि त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण प्रकरण म्हणून पाहिले तर घटनाक्रम सरळ आहे : ज्या संघटनेकडे आपल्या आमदाराला उमेदवारी देण्याचा किंवा नाकारण्याचा बंधनकारक मार्ग नव्हता, तिच्याकडे त्याला हरल्यावर धरून ठेवण्याचाही नव्हता. २०२३ मध्ये भाजपने तिकीट दिले ते हलगेकर यांनाच.

२०२३ पर्यंत तालुक्यातले समितीचे गट एकत्र आले. मुरलीधर पाटील हे एकच नाव ठरले, मतदान १० मे रोजी झाले. निकाल २०१८ पेक्षा वाईट लागला. हलगेकर ५४ हजारांहून जास्त फरकाने जिंकले, त्यांची मते नव्वद हजारांच्या वर गेली. निंबाळकर होत्या तिथेच राहिल्या, ३७ हजारांच्या घरात. समितीच्या उमेदवाराला दहा हजारही मिळाली नाहीत. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात, त्याच्या जवळपासही ती नव्हती.

हे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. काँग्रेसचा मतदार पाच वर्षांत हलला नाही. भाजपचे जे साठ हजार वाढले त्यांतले बरेचसे समितीचे जुने मतदार असले पाहिजेत. दुसरा एवढा मोठा गठ्ठा तालुक्यात सुटा नव्हता. त्याच निवडणुकीत बेळगाव दक्षिणमध्ये समितीचे रमाकांत कोंडुसकर यांनी भाजपच्या अभय पाटील यांच्याविरुद्ध ६४ हजारांच्या वर मते घेतली आणि ते सुमारे १२ हजारांनी पडले. तिथेही २०१८ मध्ये दोन उमेदवार होते, तरी मते परत आली. आमच्या मते फरक कार्यकर्त्यांचा आहे. कोंडुसकर यांच्यामागे तरुणांचे स्वतःचे संघटन उभे होते, आणि शहरात गल्लीगल्लीतली मंडळे टिकून होती. खानापुरात गावपातळीवरची फळीच पाच वर्षांत पांगली. काही सहकारामागून भाजपमध्ये गेले, काही घरी बसले. जिल्हा आणि तालुका पंचायतीची मुदत २०२१ मध्ये संपली आणि निवडणुका रखडल्या, त्यामुळे नवे कार्यकर्ते तयार होण्याची जागाही बंद झाली. एकी झाली ती पुढाऱ्यांची, आणि तीही मतदार दुसऱ्या बटणावर बोट ठेवायला शिकल्यानंतर.

निंबाळकर यांची वाट नंतर लोकसभेकडे वळली. २०२४ मध्ये उत्तर कन्नडमधून त्या भाजपच्या विश्वेश्वर हेगडे कागेरी यांच्याकडून तीन लाखांहून अधिक मतांनी हरल्या.

दुरुस्ती कुठे शक्य होती

पक्ष म्हणून नोंदणी करावी, ही सूचना नेहमी येते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ खाली नोंदणी झाली तर मान्यता नसली तरी बी फॉर्म देता येतो, म्हणजे अधिकृत कोण हा वाद कागदावर मिटतो. सामाईक चिन्ह मात्र त्यातून सहज मिळणार नाही. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला एकच चिन्ह हवे असेल तर राज्यातल्या किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात. कर्नाटकात २२४ जागा, म्हणजे किमान १२. समिती लढते चार-पाच. शिवाय समिती हे वेगवेगळ्या विचारांच्या माणसांचे सीमाप्रश्नापुरते एकत्र येणे आहे. पक्ष झाला की प्रत्येकाला आपला मूळ पक्ष सोडावा लागेल. ही किंमत मोठी आहे आणि ती मोजायची की नाही, हे सीमाभागानेच ठरवायचे.

नोंदणीशिवाय करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे. निवड समितीसमोर येणाऱ्या प्रत्येक इच्छुकाने, अधिसूचना निघण्याच्या आधीच, निर्णय मान्य असल्याचे लेखी द्यावे. अर्ज दाखल केलाच तर त्याच दिवशी सही केलेला फॉर्म ५ आणि आपल्या सूचकाला तो सादर करण्याचे अधिकारपत्र निवड समितीकडे ठेवावे. सूचक मात्र उमेदवाराचा मेहुणा नसावा. दोन्ही बाजूंना मान्य असा ज्येष्ठ माणूस दहा सूचकांत आधीच घातलेला असावा. निवडणूक अधिकारी सहीची खात्री करून घेतो आणि उमेदवार समोर येऊन हरकत घेऊ शकतो, त्यामुळे हा उपाय शंभर टक्के पक्का नाही. पण माघारीच्या दिवशी ज्याला शब्द मोडायचा आहे त्याला कचेरीत उभे राहून तो सर्वांदेखत मोडावा लागेल, आणि गावाला तीन वाजण्याच्या आत कळलेले असेल की पत्रक कोणाचे खरे.